एफ दाबा, लिंक उघडा: माउसशिवाय वेब चालवण्याची गोष्ट

आजचा विषय ऐकून तुमच्यातले निम्मे जण म्हणतील, “आमच्या फोनला कीबोर्डच नाही, मग आम्ही हे कशाला ऐकायचं?” जरा धीर धरा. ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीच्या एका टर्मिनलवर सुरू होते आणि तुमच्याच फोनच्या सेटिंग्जमध्ये येऊन थांबते. मध्ये पुण्याचा एक मुलगाही भेटणार आहे.

आधी मुद्दा काय ते सांगतो. मी दिवसभर कोड लिहितो, आणि माझ्या क्रोममध्ये व्हिमियम नावाचं एक एक्स्टेंशन कायम चालू असतं. ते काय करतं? कुठलंही वेबपेज उघडा आणि एफ दाबा. पानावरच्या प्रत्येक लिंकवर, प्रत्येक बटणावर एक छोटंसं पिवळं लेबल उगवतं आणि त्यावर एक किंवा दोन अक्षरं असतात. ती अक्षरं टाइप केली की ती लिंक उघडते. जे दाबलं की पान खाली सरकतं, के दाबलं की वर. दोनदा जी दाबलं की थेट पानाच्या माथ्यावर, कॅपिटल जी दाबलं की तळाशी. एक्सने टॅब बंद होतो, आणि चुकून भलताच बंद झाला तर कॅपिटल एक्सने परत येतो. माउसला हात लावायची गरजच नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा कुठल्या तरी बँकेचा सर्व्हर फोडतोय.

आता प्रश्न असा, की खाली जायला जे आणि वर जायला के, हे ठरवलं कोणी?

टर्मिनलवरचे बाण

१९७६ साल. अमेरिकेत लिअर सिग्लर नावाच्या कंपनीने एडीएम-३ए हे टर्मिनल बाजारात आणलं होतं. टर्मिनल म्हणजे फक्त स्क्रीन आणि कीबोर्ड. खरा कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत, कधी दुसऱ्या इमारतीत. या कीबोर्डवर बाणांची वेगळी बटणं नव्हती. ते बाण एच, जे, के आणि एल या चार अक्षरांवरच छापले होते: एच डावीकडे, जे खाली, के वर, एल उजवीकडे.

त्याच सुमाराला कॅलिफोर्नियात, बर्कली विद्यापीठात बिल जॉय नावाचा विद्यार्थी एक टेक्स्ट एडिटर लिहीत होता. त्याचं नाव व्हीआय. त्याच्यासमोर एडीएम-३ए होतं, त्यामुळे एडिटरमध्ये कर्सर हलवायला त्याने तीच चार अक्षरं घेतली. एवढंच काय, लिनक्सवर आपण होम डिरेक्टरीसाठी टिल्डेचं चिन्ह वापरतो ना, त्याचं मूळही इथेच सांगतात. या कीबोर्डवर होम हा शब्द आणि टिल्डे एकाच बटणावर होते.

बिल जॉय घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करायचा. हिशोब करून बघा. ३०० बॉड म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. स्क्रीनवर ८० अक्षरांच्या २४ ओळी धरल्या तर १९२० अक्षरं झाली. म्हणजे एक अख्खी स्क्रीन नव्याने भरायला मिनिटाहून जास्त वेळ! अशा ठिकाणी कमांड जितकी छोटी तितकी बरी. एक अक्षर, एक काम. व्हीआयचा सगळा स्वभाव या हळू लाइनमुळे घडला.

पण एक अडचण होती. डी दाबलं की ते ‘खोडून टाक’ या कमांडमधलं डी, की लिहायचं असलेलं अक्षर डी? यावर उपाय म्हणजे मोड. एका मोडमध्ये अक्षरं म्हणजे हुकूम, दुसऱ्या मोडमध्ये अक्षरं म्हणजे अक्षरं. पुढे नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनारने व्हीआयचा सुधारलेला भाऊ लिहिला, विम. तो १९९१ मध्ये लोकांसमोर आला. हे मोडचं प्रकरण नव्या माणसाला किती छळतं, त्याचा पुरावाही आहे. २०१७ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने जाहीर केलं की ‘विममधून बाहेर कसं पडायचं’ हा प्रश्न १० लाख वेळा पाहिला गेलाय. आत शिरलेला अभिमन्यू प्रत्येक ऑफिसात एक तरी सापडतोच.

ही मोडची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वेबच्या पहिल्या लिंका

आता वेबकडे वळू. आपल्याला वाटतं, लिंक म्हणजे क्लिक करायची गोष्ट. पण वेबच्या अगदी सुरुवातीला बहुतेकांसाठी तसं नव्हतं.

१९९० च्या शेवटी टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला. तो माउसवर चालायचा, पण फक्त नेक्स्ट नावाच्या महागड्या कॉम्प्युटरवर, आणि ते यंत्र फार थोड्यांकडे होतं. मग निकोला पेलो नावाच्या एका विद्यार्थिनीने साध्यातल्या साध्या टर्मिनलवर चालेल असा ब्राउझर लिहिला. नाव होतं लाइन मोड ब्राउझर. त्यात रंग नाही, चित्र नाही, माउस तर नाहीच. मग लिंक उघडायची कशी? प्रत्येक लिंकच्या शेजारी चौकटी कंसात एक आकडा असायचा. ३ टाइप करा, एंटर दाबा, तिसरी लिंक उघडली.

ओळखीचं वाटतंय ना? व्हिमियमची पिवळी लेबलं म्हणजे हेच. आकड्यांच्या जागी अक्षरं आली, बस. आज ज्याला आपण पॉवर युजरची युक्ती म्हणतो, ती १९९१ मध्ये गरिबाच्या टर्मिनलवरची नेहमीची सोय होती.

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात लिंक्स नावाचा प्रोग्राम तयार झाला आणि पुढे तो वेबचा ब्राउझर बनला. वरच्या-खालच्या बाणाने लिंकवरून लिंकवर जायचं, उजव्या बाणाने आत शिरायचं, डाव्याने मागे यायचं. लिंक्स आजही जिवंत आहे, लिनक्सवर इन्स्टॉल करून बघा.

मग १९९३ मध्ये मोझेक आला. मजकुराच्या जोडीला त्याच पानावर चित्रं दिसू लागली आणि वेब घराघरात पोचायची वाट मोकळी झाली. ते चांगलंच झालं. पण त्याच वेळी वेब ‘बोट दाखवा आणि दाबा’ असं झालं. त्या काळात इमेजमॅप नावाचा प्रकार खूप चालायचा. समजा भारताचा नकाशा आहे आणि महाराष्ट्रावर क्लिक केलं की महाराष्ट्राचं पान उघडतं. त्यातल्या एका प्रकारात ब्राउझर सर्व्हरला फक्त एवढंच कळवायचा की चित्राच्या अमुक बिंदूवर क्लिक झालं. कीबोर्डवाल्याने बिंदू कुठून आणायचा? त्याच्यासाठी ते दार बंद.

गंमत म्हणजे, माउस लोकांसमोर आणणाऱ्या डग्लस एंगलबार्टने कीबोर्ड सोडला नव्हता. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्याने जे गाजलेलं प्रात्यक्षिक दाखवलं, त्यात त्याच्या उजव्या हाताखाली माउस होता, डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचं वेगळं उपकरण होतं आणि मधे नेहमीचा कीबोर्ड. पुढे जग माउस घेऊन गेलं आणि ते पाच पट्ट्यांचं उपकरण तिथेच राहिलं.

एचटीएमएल ठरवणाऱ्यांना कीबोर्डचा अगदीच विसर पडला होता असंही नाही. डिसेंबर १९९७ मध्ये एचटीएमएल ४ आलं, त्यात ॲक्सेसकी नावाची सोय होती. वेबसाइट बनवणाऱ्याने एखाद्या लिंकला एक अक्षर नेमून द्यायचं. कागदावर छान. प्रत्यक्षात प्रत्येक साइटची अक्षरं वेगळी, ती कुठली हे वापरणाऱ्याला कळायचा मार्ग नाही, आणि कित्येकदा ती ब्राउझरच्याच शॉर्टकटशी भांडायची. म्हणून ती सोय फारशी रुजली नाही. साइटवाल्यांनी शॉर्टकट द्यायचे, यापेक्षा वापरणाऱ्यानेच आपले शॉर्टकट सगळ्या साइटवर न्यायचे, हा रस्ता उरला होता. त्यासाठी हवं होतं एक्स्टेंशन.

भाड्याची खोली

नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला. त्याची मोठी खासियत म्हणजे एक्स्टेंशन्स. आणि त्या काळची एक्स्टेंशन्स ब्राउझरच्या पोटात शिरून वाट्टेल ते बदलू शकायची. २००७ मध्ये मार्टिन स्टुबेनश्रॉट याने व्हिम्परेटर आणलं. ते लावलं की फायरफॉक्सचे टूलबार, मेन्यू सगळे गायब आणि तळाशी विमसारखी एक कमांडची ओळ. दिसायला फायरफॉक्स, वागायला विम. त्यातूनच पुढे पेंटाडॅक्टिल नावाची वेगळी शाखा निघाली. पेंटाडॅक्टिल म्हणजे पाच बोटांचा.

२००८ मध्ये क्रोम आला आणि पुढच्या दीड वर्षात त्यातही एक्स्टेंशन्स सुरू झाली. फिल क्रॉस्बी आणि इल्या सुखार यांनी क्रोमसाठी व्हिमियम लिहिलं. त्याचा कोड आजही गिटहबवर खुला आहे.

त्यातला एक बारकावा मला फार आवडतो. लेबलांसाठी व्हिमियम ए ते झेड अशी सगळी अक्षरं वापरत नाही. मूळ सेटिंगमध्ये फक्त १४ निवडक अक्षरं आहेत, आणि एस, ए, डी, एफ, जे, के, एल यांसारखी बोटांखाली सहज येणारी त्यात सगळ्यात पुढे. दोन अक्षरांच्या जोड्या केल्या तर १४ गुणिले १४, म्हणजे १९६ लिंका. बहुतेक पानांच्या एका स्क्रीनला तेवढ्या पुरतात.

आणि विमचे मोड वेबवर इतके चपखल का बसतात माहितीये? कारण वेबवर आपण बहुतेक वेळ वाचत असतो, लिहीत नसतो. वाचताना कीबोर्डची सगळी अक्षरं रिकामी बसलेली असतात, त्यांना कामाला लावायचं. सर्चच्या चौकटीत कर्सर गेला की व्हिमियम बाजूला होतं आणि अक्षरं पुन्हा अक्षरं होतात. एस्केप दाबलं की परत हुकूम सुरू.

पण एक्स्टेंशन म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या वाड्यातली भाड्याची खोली. मालकाने वाडा पाडायचं ठरवलं की संपलं. १४ नोव्हेंबर २०१७ ला फायरफॉक्स ५७ आला आणि जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन्स त्यात चालेनाशी झाली. मोझिलाची कारणं खोटी नव्हती. पोटात शिरणारी एक्स्टेंशन्स ब्राउझरच्या दर अपडेटला मोडायची, आणि सुरक्षेच्या नावाने बोंब होती. पण व्हिम्परेटर आणि पेंटाडॅक्टिल नव्या फायरफॉक्समध्ये आले नाहीत ते नाहीतच. त्यांच्या जागी नव्या नियमांत बसणारं ट्रायडॅक्टिल आलं. ट्रायडॅक्टिल म्हणजे तीन बोटांचा! दोन बोटं कुठे गेली ते ज्याने दोन्ही वापरलंय त्याला बरोबर कळतं. नव्या नियमांत एक्स्टेंशनला ब्राउझरच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या पानांवर पाय ठेवायची परवानगी नाही. क्रोममध्येही तेच. त्यामुळे अशा पानावर गेलं की सगळे शॉर्टकट एकदम मुके होतात आणि हात पुन्हा माउसकडे जातो.

इथेच एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. ही एक्स्टेंशन्स ‘सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची’ परवानगी मागतात. त्याशिवाय ती लेबलं लावूच शकत नाहीत. पण याचा अर्थ, नेटबँकिंगचं पानही त्यांना दिसतं. म्हणून कोड खुला असलेलं, बरीच वर्षं टिकलेलं एक्स्टेंशनच घ्या. नाव ऐकलं नाही, लिहिणारा कोण ते माहीत नाही, असलं काही ब्राउझरमध्ये घेऊ नका.

शौक आणि गरज

आतापर्यंत ऐकून वाटेल की हा सगळा आमच्यासारख्या प्रोग्रामर लोकांचा शौक आहे. बराचसा आहेच. पण आता भेटूया पुण्याच्या त्या मुलाला.

टी. व्ही. रमण पुण्यात वाढले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्यांनी पुण्याच्या नौरोसजी वाडिया कॉलेजमधून गणितात पदवी घेतली, मग आयआयटी मुंबई आणि तिथून अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ. १९९४ मध्ये तिथे त्यांनी पीएचडी पूर्ण केली. विषय काय? गणिताची समीकरणं असलेला मजकूर कॉम्प्युटरकडून नीट, समजेल असा वाचून घ्यायचा. १९९५ मध्ये त्यांनी ईमॅकस्पीक आणलं. ईमॅक्स हा व्हीआयचा जुना प्रतिस्पर्धी एडिटर, तोही कीबोर्डवरच चालणारा. रमण यांनी त्याला बोलतं केलं. मेल, कोड, वेब, सगळं कानाने. पुढे ते गुगलमध्ये गेले आणि क्रोमसाठी क्रोमव्हॉक्स हा स्क्रीनरीडर बनवणाऱ्या टीममध्ये होते. क्रोमव्हॉक्स मुळात काय होतं? एक एक्स्टेंशन! ज्या तंत्राने व्हिमियम लेबलं लावतं, त्याच तंत्राने हे पान वाचून दाखवायचं.

आता मघाची मोडची गोष्ट आठवा. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये एनव्हीडीए हा विंडोजसाठीचा मोफत स्क्रीनरीडर सुरू केला. तो वेबपेजवर दोन मोडमध्ये चालतो. एकात एच दाबलं की पुढचं हेडिंग, के दाबलं की पुढची लिंक, बी दाबलं की पुढचं बटण. दुसऱ्यात अक्षरं म्हणजे अक्षरं, फॉर्म भरायला. वाचताना हुकूम, लिहिताना अक्षर. विम वापरणारा वेगासाठी जिथे पोचला, तिथेच न दिसणारा माणूस गरजेपोटी पोचला.

आणि दोघं अडकतातही एकाच ठिकाणी. हा आजच्या भागाचा गाभा आहे, म्हणून जरा तांत्रिक बोलतो. वेबपेजवर बटण बनवायचे दोन मार्ग आहेत. एक, एचटीएमएलचा बटन नावाचा टॅग वापरायचा. दुसरा, डिव्ह नावाचा साधा डबा घ्यायचा, त्याला रंग द्यायचा, कोपरे गोल करायचे आणि क्लिक झालं की काय करायचं ते जावास्क्रिप्टमध्ये लिहायचं. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. पण बटन टॅग ब्राउझरला सांगतो की मी बटण आहे. टॅब दाबत गेलं की तो सापडतो, एंटर दाबलं की चालतो. डिव्ह काहीच सांगत नाही. पानावरच्या कुठल्या डब्याला क्लिकचा कोड जोडलाय, हे दुसऱ्या स्क्रिप्टला विचारून कळत नाही. म्हणून व्हिमियमचं लेबल त्यावर बहुतेक वेळा उगवत नाही, आणि स्क्रीनरीडरलाही ते बटण म्हणून कळत नाही.

माझ्यासाठी याचा अर्थ काय? एफ दाबलं, लेबल आलं नाही, चरफडत माउस उचलला, दोन सेकंद गेले. कॉलेजमधला माझा एक मित्र स्क्रीनरीडर वापरतो. एकदा बसचं तिकीट काढताना त्याने सगळं व्यवस्थित केलं: गाव, तारीख, बस. पुढे सीट निवडायची होती. सीट म्हणजे रंगीत चौकोन, सगळे डिव्ह. त्याच्यासाठी त्या पानावर एकही सीट नव्हती. शेवटी त्याने मला फोन केला आणि सीट मी निवडली. बीटेक झालेला, स्वतः पगार मिळवणारा माणूस, आणि खिडकीची जागा मागायला दुसऱ्याचे डोळे उसने घ्यायचे. त्याला तिकीट मिळालं, पण ते त्याने काढलं नाही, यात काय गेलं ते त्याला विचारा.

यावर नियम नाहीत असं नाही. वेबच्या सुगम्यतेचे जागतिक निकष आहेत, डब्ल्यूसीएजी. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत पायाभूत पातळीवरच लिहिलंय की पानावरची कामं कीबोर्डने करता आली पाहिजेत. २०१८ च्या २.१ आवृत्तीत तर उलट्या बाजूचाही विचार आहे. काही जण हात चालत नाहीत म्हणून बोलून कॉम्प्युटर चालवतात. साइटने जे, के असे एकेका अक्षराचे शॉर्टकट ठेवले असतील, तर त्यांनी उच्चारलेल्या एका शब्दाने भलतीच चार कामं होऊन बसतात. म्हणून असे शॉर्टकट बंद करायची किंवा बदलायची सोय हवी, असा निकष आला. आपली सोय दुसऱ्याची अडचण होऊ शकते, इतका बारीक विचार झालेला आहे. अडतं ते अंमलबजावणीत.

तुमच्या फोनमध्ये

आता सुरुवातीचा प्रश्न. फोनवाल्यांना याचं काय? अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक नावाचा स्क्रीनरीडर २००९ पासून आहे. तो ज्या आइज-फ्री प्रकल्पातून आला, त्यात हेच टी. व्ही. रमण आणि त्यांचे सहकारी चार्ल्स चेन होते. टॉकबॅक चालू केलं की उजवीकडे बोट फिरवायचं, पुढची गोष्ट वाचली जाते. डावीकडे फिरवलं की मागची. दोनदा टॅप केलं की उघडते. म्हणजे एका गोष्टीवरून पुढच्या गोष्टीवर जायची तीच जुनी रीत, फक्त बाणाच्या बटणाऐवजी बोटाचा फटकारा. आणि ॲप बनवणाऱ्याने बटणाला नाव दिलं नसेल, तर तिथेही तीच भिंत.

तर या आठवड्याचा गृहपाठ. लॅपटॉप असेल तर माउस बाजूला ठेवा, तुमच्या कॉलेजचा परीक्षेचा फॉर्म उघडा आणि नुसतं टॅब दाबत जा. चौकट कुठे कुठे जाते आणि कुठे हरवते ते बघा. शेवटच्या सबमिटपर्यंत पोचता येतंय का? फोन असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन दहा मिनिटं टॉकबॅक लावा, डोळे मिटा आणि रोजचं एक ॲप चालवून बघा. पण आधी ते बंद कसं करायचं हे नीट वाचून ठेवा, नाहीतर विममध्ये अडकलेल्या त्या १० लाखांत तुमची भर पडेल.

आणि तुमच्यातले जे वेबसाइट बनवतात, किंवा उद्या बनवणार आहेत, त्यांना एकच विनंती. बटण हवं असेल तिथे बटन टॅगच लिहा. डिव्हपेक्षा तीन अक्षरं जास्त टाइप करावी लागतात, बास. तेवढ्यात माझा एफ चालेल आणि माझा मित्र खिडकीची सीट स्वतः निवडेल.

भेटू पुढच्या भागात.